आयव्हीएफ केंद्राचा ‘सक्सेस रेट’ नेमका कसा वाचावा?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३७ असून पतीचे ४१ आहे. माझा एएमएच (अंडाशयात बीजे किती उरली आहेत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ०.९ आला आहे, पतीचे अहवाल सर्वसाधारण आहेत. आययूआय (पतीचे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करून झाले, त्याचा उपयोग झाला नाही, आणि आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी आता आणखी वेळ न दवडता आयव्हीएफकडे, म्हणजे प्रयोगशाळेत फलन करून भ्रूण गर्भाशयात ठेवण्याच्या उपचाराकडे, वळण्याचा सल्ला दिला आहे. आम्ही कराडला राहतो. पुण्यातील दोन आणि कोल्हापुरातील एक अशा तीन केंद्रांत आम्ही प्रत्यक्ष जाऊन आलो, आणि परतल्यापासून आमचा गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला आहे.

पुण्यातील पहिल्या केंद्रात समुपदेशक बाईंनी रंगीत पत्रकावरच्या ७५ टक्के या आकड्यावर बोट ठेवले आणि लगेच पॅकेजच्या पानाकडे वळल्या. पुण्यातल्याच दुसऱ्या केंद्रात ४५ टक्के असे सांगण्यात आले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मात्र पत्रक वगैरे काही दाखवले नाही. माझे अहवाल पाहून ते म्हणाले, “तुमच्या वयाला आणि या एएमएचला एका सायकलमधून बाळ घरी येण्याची शक्यता पाचात एक, फार तर चारात एक धरून चला.” (सायकल म्हणजे उपचाराची एक फेरी.) सासूबाईंचे मत पहिल्या केंद्राकडे आहे, कारण नात्यातल्या एका मुलीला तिथे गुण आला आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे असे सर्वजण म्हणतात. खर्च सगळीकडे दीड ते अडीच लाखांच्या घरात असून इंजेक्शने कुठे त्यात धरलेली आहेत, कुठे वेगळी आहेत. मुदत ठेव मोडूनच हे करायचे असल्यामुळे निर्णय विचारपूर्वक घ्यावा, अशी आमची दोघांची इच्छा आहे.

माझे प्रश्न असे आहेत. शास्त्र एकच असताना ७५, ४५ आणि २० एवढा फरक कसा पडतो? या आकड्यांची तपासणी करणारी एखादी सरकारी यंत्रणा आपल्याकडे आहे का? आणि केंद्राला नेमके काय विचारले म्हणजे उत्तरावरून काही ठरवता येईल?

इन्क्युबेटर

ताई, तिन्ही आकडे खरे असू शकतात. मी आयव्हीएफ प्रयोगशाळेत एम्ब्रिऑलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) म्हणून काम करतो, त्यामुळे हे आकडे जिथे तयार होतात ती जागा मला आतून माहीत आहे. टक्केवारी सांगताना कोणीही वरचा आकडा कशाचा आणि खालचा कशाचा हे आपण होऊन सांगत नाही, आणि सगळी गोम तिथेच असते.

एक काल्पनिक केंद्र घेऊ. वर्षभरात तिथे १०० स्त्रियांची स्त्रीबीजे वाढवणारी इंजेक्शने सुरू झाली. आठजणींची बीजे अपेक्षेप्रमाणे वाढली नाहीत म्हणून त्यांची सायकल मध्येच थांबवली, म्हणजे पिकअप (अंडाशयातून बीजे काढणे) ९२ जणींचे झाले. त्यांतल्या काहींना परिपक्व बीज मिळाले नाही, काहींच्या बीजांचे फलन झाले नाही, तर काहींचे भ्रूण तिसऱ्या दिवसापर्यंत चांगले दिसत असूनही पाचव्या दिवसापर्यंत पोहोचले नाहीत. शेवटी ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात ठेवणे) ७८ जणींचे झाले. पंधरवड्याने केलेली बीटा एचसीजीची, म्हणजे गर्भधारणेची रक्ततपासणी ४० जणींची पॉझिटिव्ह आली. त्यांतील सहाजणींचा आकडा काही दिवसांत उतरला, त्याला आम्ही बायोकेमिकल प्रेग्नन्सी म्हणतो. सोनोग्राफीत पिशवी आणि हृदयाचे ठोके ३४ जणींना दिसले. पुढे सहाजणींचा गर्भपात झाला आणि २८ जणी बाळ घेऊन घरी गेल्या.

आता पत्रक छापणाऱ्याच्या जागी बसून पाहा. ७८ ट्रान्सफरपैकी ४० पॉझिटिव्ह, म्हणजे ५१ टक्के. ठोके दिसलेल्या गरोदरपणांचे प्रमाण धरले तर ४४ टक्के. जन्मलेली बाळे धरली आणि छेदात ट्रान्सफरच ठेवले तर ३६ टक्के. आणि ज्या १०० जणींनी पैसे भरून पहिले इंजेक्शन घेतले त्यांच्या हिशेबाने २८ टक्के. केंद्र तेच, डॉक्टर तेच, स्त्रियाही त्याच, आणि यांतला एकही आकडा खोटा नाही. तुम्ही मात्र त्या शंभरांतल्या एक असणार आहात. ट्रान्सफरपर्यंत पोहोचलेल्या ७८ जणींत आपण असू की नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवशी ठाऊक नसते, म्हणून तुमच्या कामाचा आकडा शेवटचाच.

हे झाले सरसकट रुग्णांचे. यात वयाचा हिशेब धरला की चित्र आणखी बदलते. स्वतःची बीजे वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये यश ठरवणारी सर्वांत मोठी बाब वय हीच आहे, केंद्राचे नाव त्यानंतर येते. अमेरिकेतील केंद्रांच्या राष्ट्रीय आकडेवारीत ३५ वर्षांखालील स्त्रियांना एका पिकअपमधून मिळालेल्या सर्व भ्रूणांचा मिळून विचार केला तर साधारण निम्म्याजणींना मूल होते, तर ४२ वर्षांपुढे हे प्रमाण शंभरात चार-पाचांवर येते. एखाद्या केंद्राकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रिया तिशीच्या आतल्या असतील, तर त्याचा आकडा आपोआप उजळ दिसणारच. त्यात दात्या स्त्रीच्या बीजांवर केलेल्या सायकली मिसळल्या की तो आणखी चढतो, कारण तिथे ४४ वर्षांच्या स्त्रीच्या गर्भाशयात २३ ते ३५ या वयोगटातील दात्रीच्या बीजापासून झालेले भ्रूण ठेवलेले असते. आपल्या कायद्याने दात्रीचे वय तेवढेच ठरवून दिले आहे. दात्री-बीजाचे उपचार ज्यांना आवश्यक आहेत त्यांच्यासाठी ते उत्तमच, पण तो आकडा तुम्हाला लागू होत नाही. ७५ टक्के ऐकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा की यात दात्री-बीजाच्या सायकली आहेत का.

आणखी एक बारकावा सांगतो, कारण अलीकडे याची जाहिरात जोरात आहे. भ्रूणाच्या गुणसूत्रांची तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, करून केलेल्या ट्रान्सफरचे यश जास्त दिसते. ते दिसणारच, कारण ज्यांच्या सर्व भ्रूणांत दोष निघाला त्यांचे ट्रान्सफर झालेच नाही आणि त्या छेदातून बाहेर पडल्या. चाळिशीच्या आसपास असे होणे मुळीच दुर्मीळ नाही. तपासणीने भ्रूण सुधारत नाही, फक्त निवड होते. काहींना तिचा खरोखर उपयोग होतो, त्याबद्दल वाद नाही. पण तुमच्या एएमएचला मुळात दोन-तीनच भ्रूण हाती येण्याची शक्यता असताना कोणी ती तपासणी पॅकेजमध्ये घालून वर ‘७० टक्के’ म्हणत असेल, तर ते ७० टक्के कोणातून, एवढे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एएमएचबद्दलही एक गोष्ट. तो मुख्यतः बीजांची संख्या किती मिळेल याचा अंदाज देतो, त्यांची प्रत वयावर अवलंबून असते. ०.९ म्हणजे पिकअपला बीजे कमी मिळतील, एवढाच त्याचा अर्थ घ्या.

कधीकधी मला वाटते, ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून आयव्हीएफचे बाळ जन्मले, तेव्हा यश म्हणजे बाळ यापलीकडे दुसरा अर्थ कोणाच्या मनात आला नसेल. बीटा पॉझिटिव्ह आला की पेढे वाटून ‘सक्सेस’च्या खात्यात नोंद करण्याची पद्धत पुढे बाजारात स्पर्धा वाढली तेव्हाची.

अंश_छेद

मी संख्याशास्त्र शिकवतो, वैद्यकाचा माझा अभ्यास नाही. वरील उत्तराला पूरक अशा दोन गोष्टी मांडतो.

समजा, केंद्राने तुमच्या आग्रहाखातर ३५ ते ३७ वयोगटाचा वेगळा आकडा दिला आणि तो ६० टक्के निघाला. मग विचारा की हा किती स्त्रियांवरून काढला आहे. वीसपैकी बाराजणींना यश आले तरी ६० टक्के होतात आणि चारशेपैकी दोनशे चाळीस जणींना आले तरी ६० टक्केच होतात. पण पहिल्या बाबतीत केवळ योगायोगाचा खेळ लक्षात घेतला, तर त्या केंद्राचे खरे दीर्घकालीन प्रमाण ३६ पासून ८१ पर्यंत कुठेही असू शकते, दुसऱ्या बाबतीत ते ५५ ते ६५ च्या दरम्यान असण्याची खात्री बऱ्यापैकी बाळगता येते. वर्षाला थोड्या सायकली करणाऱ्या केंद्राचा आकडा एका वर्षी वर आणि दुसऱ्या वर्षी खाली जाणे अगदी स्वाभाविक आहे, त्यावरून डॉक्टर सुधारले किंवा बिघडले असा निष्कर्ष निघत नाही. त्यामुळे ‘गेल्या तिमाहीत आमचा रेट एवढा होता’ हे वाक्य मी तरी कानाआड करीन. किमान दोन-तीन वर्षांचा एकत्रित आकडा मागावा.

दुसरी गोष्ट तीन सायकलींच्या पॅकेजबद्दल. समुपदेशक असा हिशेब मांडतात की एका वेळी ३० टक्के, मग तीन वेळा मिळून जवळपास ६६ टक्के. गणित चुकलेले नाही, पण ते नाण्याला लागू पडते, कारण नाण्याला मागची फेक आठवत नाही. इथे पहिल्या सायकलीत यश न आलेल्या स्त्रियांमध्ये मुळातच अवघड प्रकृतीच्या स्त्रियांचे प्रमाण जास्त असते, त्यामुळे त्या गटाची दुसऱ्या वेळची शक्यता सरासरी ३० टक्के राहील असे गृहीत धरता येत नाही. शिवाय ज्या स्त्रिया पैशामुळे, थकव्यामुळे किंवा डॉक्टरांनीच नको म्हटल्यामुळे मध्ये थांबतात, त्यांना हिशेबातून वगळले की उरलेल्यांचे एकत्रित यश फुगून दिसते. एकत्रित आकडा दाखवला गेला तर थांबलेल्या स्त्रिया कुठे मोजल्या आहेत, हे विचारायला हवे.

आणि सासूबाईंच्या युक्तिवादाबद्दल, त्यांचा मान राखून. ज्यांना गुण येतो त्यांच्या बारशाला सगळा गोतावळा जमतो आणि तिथे डॉक्टरांचे नाव चारचौघांत निघते. ज्यांना येत नाही त्या गप्प राहतात, कित्येकदा माहेरीसुद्धा सांगत नाहीत. त्यामुळे नातेवाइकांकडून कळणाऱ्या माहितीत अंश असतो, छेद नसतो.

लेस्टरकर

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि इथे या उपचारांतून गेलो आहोत, म्हणून इथल्या पद्धतीबद्दल लिहिते. १९९० च्या कायद्याने इथे एचएफईए नावाची नियामक संस्था स्थापन झाली. परवाना असलेल्या प्रत्येक केंद्राला आपल्या प्रत्येक सायकलीची नोंद तिला द्यावी लागते, आणि केंद्रनिहाय आकडे तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. अमेरिकेत १९९२ मध्ये केंद्रांच्या यशाचे आकडे जाहीर करण्याबद्दल कायदा झाला. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये सरकारी खर्चाने असेच संकेतस्थळ सुरू केले, त्यावर स्वतःचे वय आणि थोडी माहिती भरून अंदाजही काढता येतो.

तुम्हाला उपयोगी पडेल अशी बाब अशी की इथे केंद्रांच्या तुलनेसाठी एका ट्रान्सफरमागे किती यश यापेक्षा गर्भाशयात ठेवलेल्या एका भ्रूणामागे किती जन्म, हे प्रमाण पुढे ठेवतात. कारण सरळ आहे. एकाच वेळी दोन-तीन भ्रूण ठेवले की ट्रान्सफरमागचे यश वाढलेले दिसते, पण त्याची किंमत जुळ्या-तिळ्यांच्या रूपाने आई आणि बाळे मोजतात. मुदतीआधी प्रसूती, कमी वजन, एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग), आईला रक्तदाबाचा त्रास हे सर्व त्यात आले. १९९० च्या दशकात इथे आयव्हीएफच्या जवळजवळ चारातील एका प्रसूतीत जुळी किंवा तिळी असत. एका वेळी एकच भ्रूण ठेवण्याचा आग्रह नियामकाने धरल्यावर ते प्रमाण दहा टक्क्यांच्या खूप खाली आले आणि तरीही एकंदर यश घटले नाही. म्हणून केंद्राला यशाच्या आकड्याबरोबरच जुळ्यांचे प्रमाण विचारा. जिथे यश ७५ आणि त्यात जुळ्यांची रेलचेल, तिथे तो आकडा कसा मिळवला हे आपोआप कळते. ‘एकदम दोन झाली की काम झाले’ असे आपल्याकडे कौतुकाने म्हणतात, पण एनआयसीयूच्या काचेबाहेर उभे राहिलेले कोणी तसे म्हणताना मी ऐकलेले नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. आकडे उघड असले म्हणजे निवड सोपी होते असे समजू नका. इथल्या बहुसंख्य केंद्रांपुढे ‘राष्ट्रीय सरासरीशी सुसंगत’ एवढेच लिहिलेले असते, म्हणजे त्यांच्यातील फरक योगायोगापलीकडचा आहे असे म्हणता येत नाही. अमेरिकेतील केंद्रांची संघटना आपल्या आकड्यांसोबत स्पष्ट इशारा देते की रुग्णांची निवड वेगवेगळी असल्यामुळे केंद्रांची परस्परांशी तुलना अर्थपूर्ण ठरेलच असे नाही. काही केंद्रे अवघड रुग्ण नाकारून आकडा राखतात. ज्या केंद्राचा आकडा कमी आहे ते कदाचित तुमच्यासारख्यांना दार उघडे ठेवणारे असेल.

भुसावळ_मेल

कायद्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो, कारण ताईंचा दुसरा प्रश्न अजून राहिला आहे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञान नियमन कायदा २०२१ हा आपल्याकडे जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची असून ती पाच वर्षांसाठी असते. केंद्रांचे दोन स्तर आहेत. पहिल्या स्तरावर फक्त आययूआय करता येते, बीजे काढणे आणि भ्रूण तयार करणे यांसाठी दुसऱ्या स्तराची नोंदणी लागते. नोंदणीचे प्रमाणपत्र ठळक जागी लावलेले असले पाहिजे. ते नुसते भिंतीवर आहे म्हणून समाधान मानू नका, स्तर आणि मुदत वाचून घ्या.

त्याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे, त्या केंद्रात यश येण्याची शक्यता किती, उपचाराचे फायदे-तोटे काय, खर्च किती, दुष्परिणाम आणि जुळ्यांसारखे धोके कोणते, हे जोडप्याला समजावून सांगणे आणि निर्णयाला मदत करणे हे केंद्राचे कर्तव्य आहे. तुम्ही विचारलेली माहिती देऊन केंद्र तुमच्यावर उपकार करीत नसते. राष्ट्रीय नोंदवही आहे आणि केंद्रांनी तिला माहिती कळवायची असते, परंतु इंग्लंडप्रमाणे केंद्रनिहाय यशाचे तपासलेले आकडे रुग्णाला पाहता येतील अशी सोय आज आपल्याकडे नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की पत्रकावरचा कोणताही आकडा केंद्राने स्वतः मोजलेला आणि स्वतःच छापलेला आहे. तो मागताना लेखी मागा, निदान ईमेलवर मागा. तोंडी बोललेले नंतर कोणाला आठवत नाही.

घोडबंदर

मी फक्त पॅकेजबद्दल लिहिणार आहे, कारण त्या कागदाने आम्हाला पुरेसा मनस्ताप दिला. केंद्राचे नाव लिहीत नाही.

‘मूल नाही तर पैसे परत’ असा फलक होता. करार हाती आला तेव्हा यशाची व्याख्या शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, ‘बीटा एचसीजी पॉझिटिव्ह’ अशी दिलेली होती. म्हणजे बीटा वाढला आणि पुढे गर्भ टिकला नाही, तरी त्यांच्या लेखी ते यश, आणि परतावा बंद. आमचे तसेच झाले. शिवाय या योजनेत प्रवेश मिळण्यासाठी वयाची आणि एएमएचची अट होती, म्हणजे ज्यांना लवकर यश येण्याची शक्यता जास्त, त्यांच्याकडूनच जास्तीचे पैसे आगाऊ घेतले जात होते. इंजेक्शने, भूल, भ्रूण गोठवून ठेवण्याचे वार्षिक शुल्क हे सर्व परताव्यातून वगळलेले. ताई, तुमच्या एएमएचला बहुधा अशा योजनेत घेणारच नाहीत, पण घेतले तर शेवटचे पान आधी वाचा.

आणि टक्केवारीइतकाच अंतराचाही विचार करा. इंजेक्शने सुरू झाली की दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफीला जावे लागते, आणि ट्रिगरचे, म्हणजे पिकअपआधी बीजे पक्व करणारे शेवटचे इंजेक्शन ठरलेल्या मिनिटाला घ्यावे लागते. कराडहून पुण्याला एसटीने ये-जा करून हे निभावणे अवघड आहे. सुरुवातीच्या सोनोग्राफी कराडमध्येच तुमच्या डॉक्टर बाईंकडे होऊ शकतील का, हे दोन्ही बाजूंना विचारा. पुष्कळ केंद्रे याला तयार असतात.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे मी तिन्ही केंद्रांना एकच ईमेल पाठवला. त्यात ३५ ते ३७ वयोगट, स्वतःची बीजे, गेल्या तीन वर्षांत सुरू केलेल्या सायकली, त्यांतून झालेले जन्म आणि जुळ्यांचे प्रमाण एवढेच विचारले होते.

पहिल्या केंद्राकडून उत्तराऐवजी समुपदेशक बाईंचा फोन आला. ७५ टक्के हा आकडा बीटा पॉझिटिव्हचा असून त्यात दात्री-बीजाच्या सायकली धरलेल्या आहेत, हे दोनतीनदा विचारल्यावर त्यांनी मान्य केले. वयानुसार वेगळी आकडेवारी ‘आम्ही ठेवत नाही’ असे त्या म्हणाल्या आणि या महिन्याअखेर सवलत संपत असल्याची आठवण करून दिली. दुसऱ्या केंद्राने दोन दिवसांत तक्ता पाठवला. त्यांचे ४५ टक्के हे ट्रान्सफरमागचे ठोके दिसलेल्या गरोदरपणाचे सर्व वयांचे प्रमाण निघाले, आणि माझ्या वयोगटात सुरू केलेल्या सायकलींमागे जन्मांचे प्रमाण २६ टक्के. जुळ्यांचा रकानाही त्यांनी भरला होता.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला. त्यांच्याकडे वर्षाला सायकली थोड्या होतात, त्यामुळे माझ्या वयोगटाची टक्केवारी काढण्यात अर्थ नाही असे ते म्हणाले. पाचात एक हा अंदाज त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून आणि प्रसिद्ध आकडेवारीवरून सांगितला होता. माणूस म्हणून त्यांच्यावर आमचा विश्वास बसला आहे आणि कोल्हापूर आम्हाला सोयीचे आहे. पण बोलता बोलता कळले की त्यांच्याकडे एम्ब्रिऑलॉजिस्ट पूर्णवेळ नाहीत, बाहेरून येतात आणि सर्व स्त्रियांचे पिकअप एकाच आठवड्यात घेतात. हा मुद्दा कितपत महत्त्वाचा मानावा? इन्क्युबेटर सरांनी कृपया सांगावे.

इन्क्युबेटर

ताई, तुमचा प्रश्न मोक्याचा आहे. याला आमच्याकडे बॅच आयव्हीएफ म्हणतात, आणि लहान शहरांत ही पद्धत सर्रास चालते. पूर्णवेळ एम्ब्रिऑलॉजिस्टचा पगार थोड्या सायकलींवर निघत नाही, हे त्यामागचे कारण आहे. सर्वांच्या पाळ्या गोळ्या देऊन एका तारखेभोवती आणतात आणि त्या आठवड्यात सर्वांचे पिकअप होते. पद्धत म्हणून ती सरसकट वाईट आहे असे मी म्हणणार नाही, मी स्वतः अशा बॅचसाठी गेलो आहे. प्रयोगशाळा नीट असेल आणि माणूस पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत थांबत असेल, तर चांगले काम होते.

अडचण तुमच्यासारख्या कमी एएमएचच्या रुग्णांबाबत येते. ज्या स्त्रीला पंधरा बीजे मिळतात तिचा पिकअप एखादा दिवस पुढे-मागे झाला तर फारसे बिघडत नाही. तीन-चारच फोलिकल (बीज वाढते ती अंडाशयातील पिशवी) असलेल्या स्त्रीच्या बाबतीत ट्रिगर कधी द्यायचा हे सोनोग्राफी पाहून ठरायला हवे, बॅचची तारीख पाहून नव्हे. दुसरे असे की बॅच नसते तेव्हा प्रयोगशाळा बंद असते. इन्क्युबेटरचे तापमान आणि वायूंचे प्रमाण रोज तपासून नोंदवावे लागते, गोठवलेल्या भ्रूणांच्या टाकीतील द्रव नायट्रोजनची पातळी सतत पाहावी लागते, हवा शुद्ध करणारी यंत्रणा चालू राहावी लागते. हे कोण करते आणि त्याची वही दाखवता का, असे डॉक्टरांना विचारा. ते मोकळेपणाने बोलणारे आहेत, रागावणार नाहीत.

प्रयोगशाळेची प्रत पाहण्यासाठी जन्माच्या आकड्यापेक्षा लवकर हाती येणारे आणि रुग्णाच्या प्रकृतीवर तुलनेने कमी अवलंबून असणारे काही निर्देशक आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हिएन्ना सहमतीत, म्हणजे तज्ज्ञांनी एकमताने ठरवलेल्या मापदंडांत, ते दिलेले आहेत. इक्सी (प्रत्येक बीजात एकेक शुक्रजंतू सुईने सोडणे) केल्यावर परिपक्व बीजांपैकी निदान ६५ टक्क्यांचे योग्य फलन व्हावे, ८० टक्के झाले तर उत्तम. फलन झालेल्यांपैकी पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्टपर्यंत, म्हणजे भ्रूणाच्या पुढच्या अवस्थेपर्यंत, पोहोचणारे निदान ४० टक्के, उत्तम प्रयोगशाळेत ६०. गोठवलेले ब्लास्टोसिस्ट पुन्हा वितळवल्यावर जगण्याचे प्रमाण निदान ९० टक्के, आणि चांगल्या ठिकाणी ते ९९ च्या आसपास असते. सायकली थोड्या असल्या तरी बीजे आणि भ्रूण शेकड्यांनी असतात, त्यामुळे हे आकडे लहान केंद्रालाही देता येतात. अंश_छेद सरांचा वीस रुग्णांचा आक्षेप इथे बराच सौम्य होतो. पुण्यातील दुसऱ्या केंद्राकडूनही हेच तीन आकडे मागवा, म्हणजे दोन्ही ठिकाणांची प्रयोगशाळा एका मापाने पाहता येईल.

त्यांच्या तक्त्यातले २६ आणि कोल्हापूरच्या डॉक्टरांचे पाचात-चारात एक यांत, तुमच्या एएमएचचा विचार करता, मला फारसा फरक दिसत नाही. पहिल्या केंद्राबद्दल आता मी काही लिहिण्याची आवश्यकता नाही.

मधला एक मार्गही आहे. औषधे आणि सोनोग्राफी कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे किंवा कराडलाच तुमच्या बाईंकडे, आणि पिकअप, प्रयोगशाळा व ट्रान्सफर पुण्याच्या दुसऱ्या केंद्रात, अशी वाटणी करून घेण्याला बरेच डॉक्टर राजी असतात. मात्र औषधांचा डोस आणि ट्रिगरची वेळ कोण ठरवणार हे आधी एकाच डॉक्टरांकडे निश्चित करून घ्या, नाही तर दोघेही एकमेकांच्या भरवशावर राहतात. हे जमत नसेल आणि कोल्हापूरच निवडायचे असेल, तर माझे फोलिकल बॅचच्या तारखेआधी तयार झाले तर तुम्ही काय कराल, एवढा एकच प्रश्न त्यांना विचारा. एम्ब्रिऑलॉजिस्टना अधल्यामधल्या दिवशी बोलावून घेण्याची सोय असेल आणि तसे पूर्वी केलेले असेल, तर मी तुमच्या जागी कोल्हापूरला जायला हरकत मानणार नाही.